इलेक्ट्रिक कार तापली की पिकअप वाढतो की कमी होतो?

इलेक्ट्रिक कार घेतलेल्या मित्रांकडून आणि नातेवाइकांकडून मी दोन वाक्यं कायम ऐकतो. पहिलं जानेवारीत: "सकाळी गाडी जरा सुस्त वाटते, थोडी चालली की मोकळी होते." दुसरं मे महिन्यात: "दुपारी हायवेवर पाहिजे तसा पिकअप देत नाही." म्हणजे गार असली तरी तक्रार, तापली तरी तक्रार. मग ही गाडी चांगली पळते तरी कधी? आणि यातला कोणता फरक नुसता जाणवण्यापुरता आहे, कोणता खरंच सांभाळायचा आहे? तेच आज नीट समजून घेऊ.

मी मूळचा बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखलीचा, नोकरीनं सॉफ्टवेअर इंजिनिअर. म्हणून उदाहरणं आपल्याच जिल्ह्यातली घेतोय. इथं एकाच दिवसात घाटावर आणि घाटाखाली असे दोन वेगळे हवामान मिळतात, त्यामुळे हा विषय समजायला यापेक्षा चांगली जागा नाही.

थोडक्यात उत्तर

बॅटरी गार असेल तर पिकअप थोडा कमी मिळतो. बॅटरी कोमट झाली की सगळ्यात चांगला मिळतो. बॅटरी, मोटर किंवा इन्व्हर्टर यांपैकी काहीही प्रमाणाबाहेर तापलं की गाडीचं सॉफ्टवेअर स्वतःहून पॉवर कमी करतं. आपल्याकडच्या थंडीत होणारा फरक छोटा असतो. उन्हाळ्यात लागणारी मर्यादा मात्र मोठी असू शकते, आणि ती सिग्नलवर कळत नाही, ओव्हरटेक करताना कळते. हे शेवटचं वाक्य या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे.

आधी पिकअप म्हणजे काय ते बघू

पिकअप म्हणजे वेग किती पटकन वाढतो ते. त्यासाठी चाकांनी रस्त्यावर जोर लावावा लागतो. आता शाळेतलं एक सूत्र आठवा: पॉवर म्हणजे जोर गुणिले वेग. तोच जोर जास्त वेगात लावायचा असेल तर जास्त पॉवर लागते.

उदाहरण घेऊ. माणसांसकट १५०० किलोची गाडी आहे आणि चाकांवर ५००० न्यूटन जोर लागतोय. ताशी २० किमी वेगात यासाठी फक्त २८ किलोवॅट पुरतात. पण तोच जोर ताशी ७० किमी वेगात हवा असेल तर साधारण ९७ किलोवॅट लागतात. टाटा नेक्सॉन ईव्ही २०२० मध्ये आली तेव्हा तिच्या मोटरची कमाल पॉवर ९५ किलोवॅट होती आणि शून्य ते शंभरचा कंपनीचा दावा ९.९ सेकंदांचा होता. यावरून आकड्यांचा अंदाज येईल.

आता समजा गाडीनं काही कारणानं पॉवर ६० किलोवॅटवर अडवली. ताशी ४३ किमीपर्यंत तुम्हाला काहीच फरक जाणवणार नाही, कारण तिथपर्यंत ६० किलोवॅटच्या आतच काम भागतं. गाडी सिग्नलवरून नेहमीसारखीच झेपावेल. ४३ च्या पुढे मात्र जोर कमी पडायला लागेल. म्हणून "चौकात तर मस्त उचलते, मग हायवेवर काय झालं?" हा प्रश्न लोकांना पडतो. गाडीत बिघाड नसतो, गणितच तसं आहे.

गाडी तापते म्हणजे नक्की काय तापतं?

पेट्रोल गाडीत तापमानाचा एक काटा असतो, त्यामुळे आपल्याला वाटतं गाडी म्हणजे एकच वस्तू तापते. इलेक्ट्रिक कारमध्ये तीन वेगळ्या गोष्टी तीन वेगळ्या चालीनं तापतात.

पहिली इन्व्हर्टर. बॅटरीच्या डीसी विजेचं मोटरसाठी एसी करणारा हा डबा. त्यातल्या सेमीकंडक्टर चिप छोट्या असतात, त्यामुळे त्यांचं तापमान सेकंदाच्या आत वरखाली होतं.

दुसरी मोटर. तिच्यातली तांब्याची वेटोळी जोर लावला की काही सेकंदांत तापायला लागतात आणि पूर्ण मोटर तापायला काही मिनिटं जातात.

तिसरी बॅटरी. ही शेकडो किलोची असते. तापायला वेळ, निवायलाही वेळ. हिचं घड्याळ तासांत चालतं.

किती हळू तापते ते बघा. समजा बॅटरीतल्या सेलचं वजन २५० किलो आहे. ते एक अंशानं तापवायला साधारण २५० किलोज्यूल उष्णता लागते. पूर्ण ॲक्सिलरेटर दाबून १० सेकंद पळवलं आणि त्यात बॅटरीत ९ किलोवॅट उष्णता तयार झाली, तरी एकूण झाली ९० किलोज्यूल. म्हणजे अर्धा अंशही नाही! त्यामुळे "दोनदा जोरात पळवली की बॅटरी गरम होते" हे खरं नाही. अर्धा-पाऊण तास चालल्यावर गाडी मोकळी झाल्यासारखी वाटते, त्याचं कारण हेच संथ घड्याळ आहे.

गार बॅटरी सुस्त का असते?

लिथियम आयन बॅटरीत वीज देताना आणि घेताना लिथियमचे आयन एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जातात. मधे इलेक्ट्रोलाइट नावाचा द्रव असतो. थंडीत खोबरेल तेलाची बाटली कशी होते ते घरोघरी माहीत आहे. हा द्रव तसा गोठत नाही, पण गारव्यात घट्ट होतो आणि आयनांची चाल मंदावते. शिवाय इलेक्ट्रोडमध्ये शिरण्याची रासायनिक क्रियाही गारव्यात हळू होते. या सगळ्याचा एकत्रित परिणाम म्हणजे बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो.

रोध वाढला की काय होतं, तेही आकड्यात बघू. समजा बॅटरी ३५० व्होल्टची आहे आणि पूर्ण जोरात ३०० ॲम्पिअर करंट लागतो.

कोमट बॅटरी, रोध ०.१ ओहम: आतल्या आत ३० व्होल्ट खर्च. बाहेर मिळाले ३२० व्होल्ट, म्हणजे ९६ किलोवॅट.

गार बॅटरी, रोध ०.२ ओहम: आतल्या आत ६० व्होल्ट खर्च. बाहेर मिळाले २९० व्होल्ट, म्हणजे ८७ किलोवॅट.

रोध दुप्पट झाला तरी बाहेर मिळणारी पॉवर साधारण ९ टक्क्यांनीच कमी झाली. जाणवेल इतका फरक आहे, घाबरण्यासारखा नाही. उणे तापमानाच्या देशांत हा फरक बराच मोठा होतो. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० अंशांच्या आसपास येतो, तेवढ्यावर भागतं.

बॅटरीच्या प्रकारानुसारही फरक पडतो. टाटा नेक्सॉन ईव्ही, टियागो ईव्ही, बीवायडी ॲटो ३, महिंद्रा बीई ६ या गाड्यांत एलएफपी म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट सेल आहेत. हे टिकाऊ आहेत, उष्णतेला जास्त सहनशील आहेत, पण गारव्यात जरा जास्त सुस्तावतात. २०१९ मध्ये भारतात आलेल्या ह्युंदाई कोनामध्ये निकेल असलेले एनएमसी सेल होते. ते थंडीत तुलनेनं बरे वागतात.

शर्यतीत पळणाऱ्यांना ही गोष्ट चांगली माहीत आहे. टेस्लाच्या मॉडेल एस प्लॅडमध्ये ड्रॅग स्ट्रिप मोड आहे. तो चालू केला की गाडी लगेच सुटत नाही, आधी काही मिनिटं थांबून बॅटरी आणि बाकीच्या यंत्रणेचं तापमान जुळवून घेते. पहिलवान आखाड्यात उतरण्याआधी बैठका मारतो, तसंच.

मोटरचा हिशोब मात्र उलटा

गंमत म्हणजे बॅटरीला उबदारपणा आवडतो आणि मोटरला गारवा. तांब्याचा रोध प्रत्येक अंशामागे साधारण ०.३९ टक्के वाढतो. मोटरची वेटोळी १०० अंशांनी तापली तर रोध जवळपास ४० टक्के वाढला, म्हणजे त्याच करंटला तेवढी जास्त उष्णता. बहुतेक गाड्यांच्या मोटरमध्ये निओडिमियमचे चुंबक असतात. तेही तापले की थोडे कमजोर होतात, अंशामागे ०.१ टक्क्याच्या आसपास. गार झाले की पुन्हा पूर्ववत होतात, पण मर्यादेपलीकडे तापले तर कायमचे कमजोर होऊ शकतात. म्हणून मोटरच्या तापमानावर सॉफ्टवेअरची कडक नजर असते.

त्यामुळे सगळ्यात चांगला पिकअप कधी? बॅटरी कोमट, मोटर आणि इन्व्हर्टर अजून निवांत, चार्ज भरपूर. रोजच्या चालवण्यात ही अवस्था अर्धा-पाऊण तास शांतपणे चालवल्यानंतर येते.

जास्त तापल्यावर सॉफ्टवेअर काय करतं?

हा माझ्या आवडीचा भाग. तुम्ही ॲक्सिलरेटर दाबता तेव्हा तुम्ही पॉवर देत नसता, फक्त मागत असता. सॉफ्टवेअर ती मागणी घेतं आणि प्रत्येक भागाला विचारतं: तुला आत्ता किती झेपेल? बॅटरी म्हणते ७० किलोवॅट. इन्व्हर्टर म्हणतो ९५. मोटर म्हणते ९०. टायरची पकड म्हणते १००. यातला सगळ्यात लहान आकडा जिंकतो. हा हिशोब सेकंदाला कित्येक वेळा होतो.

फोनमध्ये तुम्ही हे रोज बघता. मे महिन्यात बाईकच्या होल्डरला फोन लावून मॅप चालू ठेवला की ब्राइटनेस आपोआप कमी होतो, चार्जिंग थांबतं. गेम खेळता खेळता फोन तापला की फ्रेम अडकायला लागतात. फोन बिघडलेला नसतो, तो स्वतःला वाचवत असतो. गाडीही तेच करते. साधारण ४५ ते ५५ अंशांच्या पुढे बॅटरी गेली की बहुतेक गाड्या हात आखडता घेतात. नेमका आकडा प्रत्येक कंपनीचा वेगळा.

ही मर्यादा किती लवकर लागेल ते गाडी कशी थंड ठेवली जाते यावर अवलंबून आहे. २०१९ मध्ये पोर्शेनं टायकान बाजारात आणण्याआधी ती एका विमानतळाच्या धावपट्टीवर शून्य ते ताशी २०० किमी अशी लागोपाठ २६ वेळा पळवून दाखवली. सगळ्यात वेगवान आणि सगळ्यात हळू फेरीत ०.८ सेकंदांचाच फरक होता. एकदा वेगात पळणं सोपं आहे, पुन्हा पुन्हा तसंच पळणं हे कूलिंगचं कौतुक आहे.

बॅटरीला खरं तापवतं कोण?

उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. करंट दुप्पट झाला तर उष्णता चौपट. वरच्याच बॅटरीचं उदाहरण घेऊन तीन परिस्थिती बघू.

समृद्धी महामार्गावर एकसारख्या ताशी १२० किमी वेगात साधारण २५ किलोवॅट लागतात असं धरू. करंट सत्तर-पंचाहत्तर ॲम्पिअर, बॅटरीतली उष्णता अर्धा किलोवॅट. तासाभरात, कूलिंग नसतं तर, सात-आठ अंश वाढ.

५० किलोवॅटच्या फास्ट चार्जरवर करंट दीडशे ॲम्पिअरच्या जवळ. उष्णता दोन किलोवॅटच्या वर. अर्ध्या तासात, कूलिंग नसतं तर, साधारण १५ अंश वाढ.

घाट चढणं मात्र वाटतं तेवढं जड नाही. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंच, मलकापूर अडीचशेच्या आसपास. मधला चारशे मीटरचा चढ १५०० किलोच्या गाडीनं चढायला सुमारे १.६ युनिट वीज लागते. राजूर घाटात वेगही कमी असतो, त्यामुळे करंट कमी आणि उष्णताही कमी. पेट्रोल गाडीच्या सवयीनं आपण घाटाला घाबरतो, पण बॅटरीला घाटापेक्षा फास्ट चार्जर जास्त तापवतो.

घाटावर आणि घाटाखाली

आता हे सगळं जिल्ह्याच्या नकाशावर ठेवून बघू.

जानेवारीची पहाट, बुलढाणा. गाडी रात्रभर अंगणात उभी होती, १०० टक्के चार्ज करून ठेवली होती. आता मलकापूरला रेल्वे गाठायची आहे, म्हणजे राजूर घाट उतरायचा आहे. पिकअप थोडा सुस्त असेल, पण तो मुद्दा नाही. मुद्दा रीजनचा आहे, म्हणजे ॲक्सिलरेटर सोडल्यावर मोटर वीज बनवून गाडी हळू करते त्याचा. भरलेल्या बॅटरीत वीज ठेवायला जागा नसते. शिवाय गार बॅटरी वीज देते त्यापेक्षा घ्यायला जास्त कुरकुर करते, कारण गारव्यात जोरात चार्ज केलं तर लिथियमचा धातूचा थर जमून सेल खराब होऊ शकतात. म्हणून सॉफ्टवेअर रीजन कमी करतं. रोज एका पायावर गाडी चालवायची सवय असलेल्याला घाटाच्या पहिल्याच वळणावर गाडी हळू होत नाही असं वाटतं. ब्रेक व्यवस्थित असतात, फक्त ते स्वतः दाबावे लागतात. घाट उतरायचा असेल त्या सकाळी चार्ज ९० टक्क्यांच्या आत ठेवलेला बरा. १०० टक्के चार्ज करायचं कंपनीनं सांगितलं असेल तर ते दुसऱ्या दिवशी करा.

मे महिन्याची दुपार, खामगाव. घाटाखाली पारा ४२-४४ च्या घरात, रस्त्याचं डांबर तर ६० अंशांच्या आसपास तापतं. आता बॅटरी ४५ अंशांवर आहे आणि बाहेरची हवा ४४. उष्णता जाणार कुठे? साध्या रेडिएटरला इथं काही करता येत नाही. ज्या गाड्यांत बॅटरीचं पाणी एसीच्या गॅसनं थंड करायची सोय आहे, त्यांतही एकच कॉम्प्रेसर तुम्हालाही गारवा देतो आणि बॅटरीलाही. अशा वेळी बॅटरी कमी चार्जवर असेल, नुकतंच फास्ट चार्जिंग झालं असेल, गाडी चार तास उन्हात उभी असेल, तर मर्यादा लवकर लागते.

समृद्धी महामार्ग. नागपूर ते शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि ५ जून २०२५ पासून ७०१ किमीचा पूर्ण रस्ता खुला झाला. आपल्या जिल्ह्यात मेहकर आणि सिंदखेड राजाकडून त्यावर चढता येतं. इथं सारखा वेग असल्यानं बॅटरी हळूहळू तापते. खरा कस लागतो तो मधे फास्ट चार्जिंग करून लगेच पुन्हा १२० ला निघाल्यावर.

ओव्हरटेकचा हिशोब

समृद्धीवर समोरून कोणी येत नाही. पण जिल्ह्यातल्या बऱ्याच रस्त्यांवर मधे दुभाजक नाही. पुढे कापसानं भरलेला ट्रक ६० नं चाललाय आणि तुम्हाला ६० वरून ९० वर जाऊन पुढे निघायचंय. नुसता वेग वाढवायला किती वेळ लागतो? हवेचा विरोध बाजूला ठेवून १५०० किलोच्या गाडीचा हिशोब असा:

* चाकांना ८० किलोवॅट मिळाले तर ३.३ सेकंद, अंतर सुमारे ७० मीटर
* गारव्यानं ७२ किलोवॅट मिळाले तर ३.६ सेकंद, अंतर सुमारे ७५ मीटर
* मर्यादा लागून ४० किलोवॅटच मिळाले तर ६.५ सेकंद, अंतर सुमारे १४० मीटर

पहिल्या दोन ओळींतला फरक पापणी लवण्याइतका आहे. तिसरी ओळ वेगळीच आहे. तुम्हाला ७० मीटर जास्त लागले, आणि त्या जादा सव्वातीन सेकंदांत समोरून ताशी ८० नं येणारी गाडीही ७० मीटर जवळ आली. म्हणजे १४० मीटर मोकळा रस्ता कमी पडला. क्रिकेटच्या सात खेळपट्ट्या एकापुढे एक लावा, तेवढा. ओव्हरटेक आपण सवयीच्या पिकअपवर विश्वास ठेवून करतो, म्हणून हा आकडा लक्षात ठेवायला हवा.

गाडी हे तुम्हाला आधी सांगते, फक्त बघायची सवय हवी. बऱ्याच गाड्यांच्या डिस्प्लेवर पॉवर मीटर असतो आणि मर्यादा लागली की त्याचा वरचा भाग पुसट किंवा बंद दिसतो. काही गाड्या कासवाचं चिन्ह दाखवतात. तुमच्या गाडीत नक्की काय दिसतं ते मॅन्युअलमध्ये एकदा बघून ठेवा.

पेट्रोल गाडीत असं होत नाही का?

होतं, पण वेगळ्या कारणानं. गार इंजिनात ऑइल घट्ट असतं म्हणून सकाळी तीही जड वाटते. उन्हाळ्यात हवा विरळ होते: १० अंशांच्या हवेपेक्षा ४४ अंशांची हवा साधारण ११ टक्के विरळ. टर्बो नसलेल्या इंजिनाला तेवढा ऑक्सिजन कमी मिळतो आणि पॉवर घटते. इलेक्ट्रिक मोटर श्वासच घेत नाही, त्यामुळे तिला हा त्रास नाही. उलट विरळ हवा कापायला थोडी सोपी जाते. फरक एवढाच की पेट्रोल गाडीची घट उन्हाळाभर सारखी असते, सवय होते. इलेक्ट्रिकची मर्यादा मात्र एखाद्या दुपारी येते आणि संध्याकाळी गायब होते.

इलेक्ट्रिक स्कूटरचं काय?

नियम तेच, पण घड्याळं जास्त वेगानं चालतात. स्कूटरची बॅटरी छोटी असते, त्यामुळे लवकर तापते आणि लवकर निवते. बहुतेक स्कूटरमध्ये पाण्याचं कूलिंग नसतं, वाऱ्यावरच भागवावं लागतं. मोटर चाकाच्या आत असेल तर तिची उष्णता बाहेर पडायला वाट आणखी कमी. म्हणून उन्हात डबलसीट, सगळ्यात वेगवान मोडमध्ये चढ चढताना स्कूटर मधेच हळू झाली, तर आधी पाच-दहा मिनिटं सावलीत थांबवून बघा. निवल्यावर पूर्ववत झाली तर ते तापमान होतं. नाही झाली तर सर्व्हिस सेंटर गाठा.

स्वतः फोनवर मोजायचं असेल तर

अंदाजापेक्षा मोजमाप चांगलं. पण आधी अट: रस्ता रिकामा आणि सरळ हवा, वेगमर्यादा पाळायची, आणि फोन चालवणाऱ्याच्या नाही, शेजारच्याच्या हातात हवा.

१. शून्य ते शंभर मोजू नका. फोनचा जीपीएस बहुधा सेकंदाला एकदाच वेग देतो, त्यामुळे छोट्या वेळेत चूक मोठी होते. ३० ते ८० मोजा. बॅटरीची मर्यादा याच पट्ट्यात दिसते.

२. दोन्ही दिशांनी मोजा आणि सरासरी काढा. नुसत्या डोळ्यांना न दिसणारा उतारही आकडा बदलतो.

३. प्रत्येक वेळी चार्ज किती, बाहेर तापमान किती, माणसं किती, मोड कोणता, एसी चालू की बंद हे लिहून ठेवा.

४. चार्ज सारखा ठेवा. ही सगळ्यात महत्त्वाची सूचना. गाडी चालत जाते तशी ती तापते आणि त्याच वेळी चार्जही उतरतो. चार्ज उतरला की व्होल्टेज उतरतं, पॉवर कमी होते. दोन्ही एकत्र बदलले तर कशामुळे काय झालं ते कळणार नाही. सकाळचं आणि दुपारचं मोजमाप दोन्ही ६० ते ७० टक्क्यांच्या मधे करा.

५. ब्लूटूथवाला ओबीडी डोंगल असेल आणि तुमची गाडी माहिती देत असेल तर बॅटरीचं तापमान थेट दिसतं. नसेल तर रीजन बघा. सकाळी कमी आणि नंतर वाढत गेलं, तर बॅटरी कोमट होतेय. हा फुकटचा थर्मामीटर आहे, फक्त बॅटरी पूर्ण भरलेली नको.

सेकंड हँड गाडी बघायला जाल तेव्हाही हे उपयोगी पडतं. नुसती चौकातली झेप बघून पिकअप चांगला म्हणू नका. अर्धा तास चालवा, चार्ज ३० टक्क्यांच्या आसपास असताना ५० वरून ८० वर कशी जाते ते बघा. जुन्या झालेल्या बॅटरीचा रोध वाढलेला असतो, आणि तो इथंच उघडा पडतो.

रोजच्या वापरासाठी

* हिवाळ्यात पहिली दहा-पंधरा मिनिटं शांतपणे चालवा. गाडी उभी ठेवून तापवायची गरज नाही.
* उन्हाळ्यात गाडी सावलीत लावा. लिंबाचं झाड असेल तर उत्तम. बॅटरी निवायला तास लागतात, म्हणून आधीच तापू न देणं सोपं.
* लांबून आल्या आल्या लगेच चार्जिंगला लावू नका. रात्री उशिरा लावलं तर बॅटरी निवलेली असते.
* फास्ट चार्जिंगनंतर निघालात तर ओव्हरटेकच्या आधी पॉवर मीटरकडे एक नजर टाका.
* चार्जिंगनंतर गाडी उभी असताना पंख्याचा किंवा पंपाचा आवाज आला तर घाबरू नका, ती स्वतःला थंड करतेय.
* टायरची हवा सकाळी, गाडी चालवायच्या आधी तपासा. टायर तापले की दाब वाढतो, साधारण पाच-सहा अंशांमागे एक पीएसआय, आणि आकडा फसवतो.

पुढच्या वेळी कोणी "ईव्ही तापली की पळत नाही" म्हणालं तर त्याला विचारा: काय तापलं होतं, चार्ज किती होता आणि वेग किती होता? या तीन उत्तरांत बहुतेक वेळा कारण सापडतं. आणि मे महिन्यात ट्रकच्या मागे असाल, पॉवर मीटरचा वरचा भाग बंद दिसत असेल, तर ट्रकच्या मागेच राहा. दहा मिनिटं उशिरा पोहोचाल, बाकी काही बिघडत नाही.